वाचकांचे प्रश्न: मोठा फिश टँक आणि विजेचं बिल

या वेळचे प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांचे आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचा संशय हीटरवर आहे. आपल्याकडच्या हवेत तो अर्धाच खरा ठरतो. म्हणून प्रत्येक उत्तरात हिशोब मांडला आहे. त्यात आपल्या टँकचे आकडे घालून पाहा.

नेरूळ: चार फुटी टँकमध्ये डिस्कस मासे आहेत. ३०० वॉटचा हीटर काढून १०० वॉटचा लावला तर बिल एक-तृतीयांश होईल का?

नाही होणार. हीटरवर लिहिलेले वॉट हा त्याचा वेग असतो. वीज किती लागणार हे टँकमधून किती उष्णता बाहेर जाते यावर ठरतं, आणि तेवढी उष्णता कोणत्याही हीटरला भरून द्यावीच लागते.

१२० × ४५ × ५० सेंटीमीटरच्या, काचेचं झाकण असलेल्या टँकमधून पाणी आणि खोली यांच्या तापमानातल्या दर एका अंश फरकामागे साधारण १५ वॉट उष्णता जाते. खोली २३ अंशांवर आणि पाणी २९ वर असेल तर फरक ६ अंश, म्हणजे सतत ९० वॉट. दिवसाला सव्वादोन युनिटच्या जरा आत, महिन्याला सुमारे ६५. ही गरज ३०० वॉटचा हीटर दिवसभरात सात-सव्वासात तास चालून भागवतो, तर १०० वॉटचा साडेएकवीस तास चालून. युनिट तेवढेच. वर जानेवारीत एखाद्या रात्री खोली २० वर आली की गरज १३५ वॉटची होते आणि छोटा हीटर अखंड चालूनही पाणी उतरत जातं.

तरीही बदल करायचाच असेल तर १५० वॉटचे दोन हीटर लावा. यात विजेची बचत नाही, माशांचा जीव वाचतो. हीटर आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट चालू स्थितीत चिकटणं हा हीटरचा नेहमीचा बिघाड आहे. ३०० वॉटचा चिकटला तर पाणी खोलीपेक्षा २० अंश वर, म्हणजे ४३ पर्यंत जाऊ शकतं. १५० वॉटचा चिकटला तर ३३ च्या आसपास थांबतं, आणि तुम्हाला ते लक्षात यायला वेळ मिळतो. बाहेरचा डिजिटल कंट्रोलर लावून हीटरची स्वतःची खूण एक-दोन अंश वर ठेवली तर दुहेरी संरक्षण होतं.

खरी बचत तापमानाच्या आकड्यात आहे. पूर्ण वाढलेल्या डिस्कसला २८ अंश चालतात. २९ वरून २८ वर आलात की दिवसाला ०.३६ युनिट, महिन्याला जवळपास ११ युनिट कमी. एंजल, गोरामी, ऑस्कर यांना हिवाळ्यात २५-२६ पुरे, त्यामुळे त्यांच्या टँकचा हीटर बहुतेक वेळ बंदच राहतो. मात्र हीटरच्या चकतीवरचा आकडा एक-दोन अंशांनी चुकलेला असू शकतो. वेगळ्या थर्मामीटरने खात्री केल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

कासारवडवली, घोडबंदर रोड: टँक बेडरूममध्ये आहे. हिवाळ्यात बिल ठीक असतं, पण मे महिन्यात हीटरचा दिवा रात्रभर पेटलेला दिसतो. हीटर बिघडला आहे का?

हीटर ठणठणीत आहे. रात्री एसी चालतो, हे याचं कारण. ठाण्यातल्या बंद फ्लॅटमध्ये जानेवारीतही खोली बऱ्याचदा २३-२५ अंशांवर असते. मे महिन्यात एसी २४ वर लावला की टँकच्या दृष्टीने तोही हिवाळाच. त्यात एसीची हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन वाढतं आणि पाणी आणखी गार होतं.

हीटर २९ वर आणि खोली २४ वर असेल तर ७५ वॉटची गरज नऊ तास, म्हणजे रात्रीला पाऊण युनिटच्या आसपास. ही उष्णता खोलीत येते आणि तीच बाहेर फेकायला एसीला आणखी पाव युनिट लागतं. महिन्याला जवळजवळ ३० युनिट अशी जातात. एकाच खोलीत एक यंत्र तापवतं आणि दुसरं गार करतं, आणि पैसे दोघांचे आपण भरतो.

उपाय सोपा आहे. एप्रिल ते जून हीटरचा आकडा २७ वर आणा. टँकचं पाणी सहजासहजी गार होत नाही. २४० लिटर पाणी एक अंशाने उतरायला सुमारे पाव युनिट उष्णता बाहेर पडावी लागते. संध्याकाळी पाणी ३० वर असेल आणि एसी २५ वर लावला तर नऊ तासांत ते साधारण दोन अंश उतरतं. म्हणजे पहाटे २८. दिवसा एसी बंद झाला की ते आपोआप वर येतं. २७ वर ठेवलेला हीटर यात एकदाही पेटत नाही, आणि इतक्या हळू होणाऱ्या बदलाचा डिस्कसना त्रास नाही. एसीचा झोत थेट टँकवर येणार नाही अशी पाती फिरवा, झाकण पूर्ण ठेवा. नवा टँक घेणार असाल तर तो हॉलमध्येच मांडा.

ऐरोली: कोणती वस्तू किती खाते हे कळायला काही साधन आहे का?

प्लगमध्ये बसणारा एनर्जी मीटर घ्या. तो आठवडाभर हीटरला लावून ठेवा, कारण हीटर मधूनमधून चालतो आणि तासाभराच्या मोजणीतून काही कळत नाही.

साधन घ्यायचं नसेल तर घरचा वीजमीटर आहेच. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० इम्पल्स प्रति युनिट असं छापलेलं असतं. रात्री फ्रिजसकट घरातलं सगळं बंद करा, फक्त टँक चालू ठेवा आणि घड्याळ लावून १० मिनिटं लुकलुक मोजा. मीटर ३२०० चा असेल तर आकड्याला १.८७५ ने गुणा, १६०० चा असेल तर ३.७५ ने. ३२०० च्या मीटरवर ४८ वेळा लुकलुकला तर भार ९० वॉट. आधी हीटर बंद ठेवून मोजा म्हणजे पंप, फिल्टर आणि लाइट यांचा कायमचा भार कळेल. मग एकेक वस्तू काढत जा. मोजून झालं की फ्रिज आठवणीने चालू करा.

चोवीस तास चालणाऱ्या वस्तूसाठी एक सूत्र लक्षात ठेवा: वॉट गुणिले ०.७२ म्हणजे महिन्याचे युनिट. १० वॉटचा पंप महिन्याला ७.२ युनिट घेतो. ६० वॉटचा एलईडी रोज आठ तास लावला तर १४.४. तोच बारा तास लावला तर २१.६, आणि त्या जादा चार तासांत शेवाळ वाढतं, वनस्पती नव्हे. पाच-सातशे रुपयांचा टायमर इथे दोन्ही कामं करतो.

वर्तकनगर: सहा फुटी टँक आहे, खाली सम्प (फिल्टरची टाकी). पाणी परत टँकमध्ये चढवणारा ८५ वॉटचा रिटर्न पंप जुना झालाय. डीसी पंप महाग आहेत, घ्यावा का?

मोठ्या टँकवाल्यांनी सर्वांत आधी पाहायची गोष्ट हीच. हीटर आपल्याकडे फार तर तीन महिने काम करतो, रिटर्न पंप वर्षभर एक मिनिटही थांबत नाही. ८५ वॉट म्हणजे महिन्याला ६१ युनिट. तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवणारा ४० वॉटचा डीसी पंप २९ युनिट घेईल. फरक ३२ युनिटचा. पंपाच्या किमतीला ३२ ने आणि तुमच्या बिलातल्या शेवटच्या स्लॅबच्या दराने भागा, म्हणजे किती महिन्यांत वसूल होईल ते कळेल. बहुतेकांना हे उत्तर दीड-दोन वर्षांच्या आत मिळतं.

पण खरेदीआधी एक मोजणी करा. टँकमध्ये पाणी पडतं तिथे १० लिटरची बादली धरा आणि किती सेकंदांत भरते ते पाहा. १२ सेकंद लागले तर ताशी ३००० लिटर. सहाशे लिटरच्या टँकला ताशी २५०० ते ३००० पुरेसे आहेत. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. चार-साडेचार फूट चढवताना त्यातले निम्मे उरले तरी नवल नाही, म्हणून उंचीनुसार प्रवाह दाखवणारा आलेख पाहूनच पंप निवडा. पाऊण इंची पाइपाऐवजी एक इंची पाइप आणि चार एल्बोऐवजी (वळणाच्या जोडांऐवजी) दोन, एवढ्यानेही छोट्या पंपावर भागतं.

पाणी जास्त येतं म्हणून व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवला असेल तर पंप मुळात मोठा घेतला आहे. व्हॉल्व्ह आवळल्याने प्रवाह निम्मा होतो, वीज निम्मी होत नाही. डीसी पंपाचा फायदा इथेच आहे, त्याचा वेगच कमी करता येतो.

जुना पंप अजून चालवायचा असेल तर दर दोन महिन्यांनी उघडा. इम्पेलर (पंपाचं फिरतं पातं) आणि त्याची खाच ब्रशने साफ करा. क्षारांचा पांढरा खर चढला असेल तर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवा आणि स्वच्छ धुवा. नवी मुंबईला मिळणारं मोरबे धरणाचं किंवा ठाण्याला मिळणारं धरणाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, त्यात खर कमी. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर मात्र तो लवकर चढतो, इम्पेलर घासत फिरतो आणि पाणी निम्म्यावर येतं.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन पाण्यातच येते. ४५ वॉट कमी केलेत तर डिसेंबर-जानेवारीत त्यातला काही भाग हीटर परत मागेल आणि तेव्हा बचत कमी दिसेल. पण एप्रिल-मे महिन्यात तोच टँक दीड अंशाने गार राहील. आपल्याकडे ती बचत जास्त मोलाची.

कोपरखैरणे: झाकणामुळे टँकची शोभा जाते. उघडा ठेवला तर किती फरक पडेल? आणि थर्माकोल लावावा का?

एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे पाऊण युनिटला थोडी कमी, ०.६७ युनिट उष्णता नेतं. काचेवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि चोवीस तासांनी पाहा. १२० × ४५ च्या टँकमध्ये पातळी ३ मिलीमीटर उतरली तर १.६ लिटर गेलं, म्हणजे एका युनिटपेक्षा जास्त उष्णता. त्यातली थोडी खोलीच्या हवेतून येते, बाकी हिवाळ्यात हीटरच्याच माथी. थंडीत झाकणाइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही.

५ मिलीमीटरची काच दोन तुकड्यांत कापून घ्या, कडा घासून घ्या, मागे पाइप आणि हवेसाठी दोन-तीन सेंटीमीटर फट ठेवा. पुढची कड किंचित उंच बसवली की थेंब मागे ओघळतात आणि समोरच्या काचेवर डाग पडत नाहीत. काच जड वाटत असेल तर ६ मिलीमीटरचं पोकळ पॉलिकार्बोनेट चांगलं, फक्त त्याच्या नळ्यांची तोंडं पारदर्शक टेपने बंद करा, नाहीतर आत शेवाळ धरतं. पातळ अ‍ॅक्रिलिक घेऊ नका. एका बाजूने ओलावा शोषून ते काही आठवड्यांत वाकतं.

थर्माकोलचं गणित: मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा मिळून जवळपास एक चौरस मीटर. त्यांना २५ मिलीमीटरचा थर्माकोल लावला तर दर अंशाला सुमारे ४ वॉट वाचतात. पाच अंशांचा फरक धरला तर दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास, तीन महिन्यांत चाळीसेक युनिट. डिस्कसवाल्यांनी जरूर लावावा. २५ अंशांवर टँक ठेवणाऱ्यांना मिळणारी बचत किरकोळ आहे. थर्माकोल चिकटवू नका, वेल्क्रोने बसवा. मार्चमध्ये तो काढावाच लागतो, कारण मग पंप आणि लाइटची उष्णता आत कोंडते. त्यात मुंग्याही घर करतात, म्हणून कडा टेपने बंद करून घ्या. टँकखालचा थर्माकोल रिकामा टँक ठेवतानाच घालायचा असतो. भरलेला टँक उचलून तो सरकवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

सीवूड्स: उन्हाळ्यात पाणी ३२ वर जातं. चिलर घ्यायचा विचार आहे.

आधी पंखे लावून पाहा. १२ व्होल्टचे, १२० मिलीमीटरचे कॉम्प्युटरचे दोन-तीन पंखे पाण्यावर तिरके झोत टाकतील असे बसवा. प्रत्येक पंखा दोन-चार वॉट घेतो. एप्रिल-मे महिन्यात पाणी दोन-तीन अंश उतरतं, कारण वर सांगितलेली वाफेची उष्णता इथे आपल्या बाजूने काम करते. जुलैच्या दमट हवेत पंख्याचा उपयोग जवळजवळ नसतो, पण तेव्हा पाणी तसंही इतकं तापत नाही. रोज कमी होणारं पाणी भरताना ते शक्यतो आरओचं वापरा. क्षार वाफ होत नाहीत, टँकमध्येच साठत जातात, आणि टँकरच्या पाण्याने तर झपाट्याने.

पंखे आणि हीटर एकाच कंट्रोलरवर असतील तर फरकाची सेटिंग (ठरवलेल्या आकड्यापासून पाणी किती हललं की यंत्र लागावं) किमान १ अंश ठेवा. ०.३ ठेवली की पाणी किंचित उतरताच हीटर लागतो, किंचित चढताच पंखे लागतात, आणि दोघं रात्रभर एकमेकांचं काम मोडत बसतात.

चिलर पाण्यातली उष्णता खोलीत टाकतो आणि त्यात स्वतःची वीज मिळवतो. टँकखालच्या बंद कपाटात ठेवला तर आपलीच गरम हवा ओढत अखंड चालतो. क्रिस्टल झिंगे किंवा डेनिसन बार्ब यांसारखे थंड पाण्याचे जीव पाळत असाल तरच तो घ्या आणि त्याची गरम हवा बाहेर जाईल अशी सोय करा. एंजल, गोरामी, ऑस्कर ३०-३१ अंश सहन करतात, अडचण ऑक्सिजनची असते. २५ अंशांना लिटरमध्ये ८.३ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला ७.६. त्यामुळे मासे वर येऊन तोंड मारू लागले की आधी पाण्याचा पृष्ठभाग हलता करा, एअर पंप वाढवा आणि खाणं कमी करा.

पाचपाखाडी: ३०० युनिट ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात, हे खरं का?

नाही. महावितरणच्या घरगुती बिलात ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत आणि वरचा दर त्या टप्प्यातल्या युनिटांनाच लागतो. मात्र टँकवर वाचवलेला युनिट हा नेहमी शेवटचा, म्हणजे तुमचा सर्वांत महाग युनिट असतो. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के विद्युत शुल्कही वाचतं. बचतीचा हिशोब बिलाच्या सरासरीने केला तर ती कमीच दिसेल. वेळेनुसार दर लावणारा टीओडी मीटर बसला असेल तर बिलावर दिवसाच्या सवलतीचे तास पाहून लाइटचा टायमर त्यात बसतो का ते बघा.

मानपाडा: रात्री हीटर बंद केला तर?

चार फुटी टँकमध्ये दिवसाला साधारण पाव युनिटही वाचणार नाही. उतरलेलं पाणी सकाळी परत तापवावं लागतं, त्यात बाकीचं निघून जातं. थंडीतल्या रोजच्या चढउताराने पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उलटला तर औषधालाच त्याच्या कितीतरी पट खर्च येतो. करू नका.

कळवा: एंजलची पिल्लं काढतो. दोन फुटी दहा टँक, प्रत्येकात १५ वॉटचा फिल्टर. खर्च कसा कमी करू?

दहा फिल्टर म्हणजे १५० वॉट, महिन्याला १०८ युनिट. ते काढून प्रत्येक टँकमध्ये हवेवर चालणारा स्पंज फिल्टर घाला आणि सगळ्यांना मिळून ३५-४० वॉटचा एक मोठा एअर पंप लावा. महिन्याला २५ ते २९ युनिट. पिल्लांसाठी स्पंज तसाही बरा, ती ओढली जात नाहीत.

पीव्हीसी पाइपाची बंद चौकट रॅकभोवती फिरवा म्हणजे शेवटच्या टँकलाही सारखा दाब मिळतो. प्रत्येक टँकसाठी पितळी किंवा प्लास्टिकचा छोटा नळ बसवा. जास्तीची हवा सोडायला एक नळ उघडा ठेवा, नळ आवळून पंपावर दाब वाढवला तर पंपातला रबरी पडदा लवकर फाटतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं. दहा टँक एका पंपावर असल्यामुळे जास्तीचा पडदा आणि एक बॅटरीवरचा एअर पंप घरात असलाच पाहिजे. स्पंज नवे असतील तर पंधरा दिवस ते जुन्या फिल्टरसोबत चालवा, एकदम बदललेत तर पाण्यात विषारी अमोनिया चढेल.

हिवाळ्यात रॅकच्या मागे थर्माकोल आणि पुढे जाड प्लास्टिकचा पडदा लावा. पिल्लांना जास्त उबेची गरज असते, त्यांचे टँक वरच्या फळीवर ठेवा. तिथली हवा आपोआप अधिक उबदार असते.

खारघर: पाणी बदलताना काही बचत होते का?

होते. हिवाळ्यात सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी २१ अंशांवर असेल आणि टँक २८ वर, तर ७२ लिटर बदलल्यावर ते तापवायला जवळपास ०.६ युनिट लागतात. तेच काम दुपारी तीन-चारला करा, टाकी उन्हाने तापलेली असते. मे महिन्यात उलट करा, पाणी पहाटे भरा. दुपारी त्या नळाला ३८ अंशांचं पाणीही येऊ शकतं. गॅस गिझरचं पाणी मिसळू नका, त्याच्या आतली नळी तांब्याची असते आणि झिंग्यांना तांबं सोसत नाही. आणि पाणी काढायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी हीटरचा प्लग काढा. गरम काच हवेत उघडी पडली की तडकते.